वरच्या विस्तवावरची फ्लीया



नववीच्या भूगोलाच्या तासाला युरोपचा नकाशा फळ्यावर लावला होता. बाल्कन प्रदेशाशी आलो तेव्हा मी विचारले, "मदर तेरेसा मूळच्या कुठल्या?" कोणी कोलकाता म्हणाले, कोणी इटली. त्यांचा जन्म २६ ऑगस्ट १९१० रोजी स्कोपये या गावी एका अल्बेनियन कुटुंबात झाला. त्या वेळी स्कोपये तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यात होते, आज ती उत्तर मॅसिडोनियाची राजधानी आहे. १९२९ मध्ये त्या भारतात आल्या. एवढे सांगून मी पुढे जाणार, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, अल्बेनियन लोक जेवतात काय?"

पाठ्यपुस्तकात याचे उत्तर नाही. मी "उद्या सांगतो" म्हणून वेळ मारून नेली आणि घरी जाऊन शोधायला बसलो. त्या शोधात जो पदार्थ सापडला तो इतका आवडला की पुढे तीन रविवार आमच्या वर्गाने शाळेच्या मागच्या अंगणात धूर केला. त्याची ही हकिकत.

पदार्थाचे नाव फ्ली किंवा फ्लीया. सामान ऐकाल तर हसाल. पीठ, पाणी, मीठ आणि वर लावायला साय, लोणी, दही. म्हणजे आपल्या धिरड्याचेच पीठ, फक्त तांदळाऐवजी गव्हाचे. मात्र धिरडे तव्यावर पाच मिनिटांत होते आणि फ्लीयाला सकाळची दुपार होते. पंधरा-वीस थर एकावर एक, प्रत्येक थर आपापला भाजलेला, दोन थरांच्या मधे सायीचा हात फिरवलेला. कापल्यावर कडेने पाने मोजता येतात, एखाद्या जाड वहीसारखी.

आधी हे लोक राहतात कुठे ते पाहू. अल्बेनियन भाषा बोलणारे अल्बेनिया देशात आहेतच, शिवाय कोसोव्होत बहुसंख्य आहेत आणि उत्तर मॅसिडोनिया, मॉन्टेनेग्रो व दक्षिण सर्बिया इथेही त्यांची वस्ती आहे. फ्लीया मुख्यतः कोसोव्होची आणि अल्बेनियाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागाची. हा मुलूख उंच, थंड आणि गुराढोरांचा, त्यामुळे दूधदुभते भरपूर. तुर्कांचे राज्य तिथे सुमारे पाचशे वर्षे होते आणि अल्बेनियाने २८ नोव्हेंबर १९१२ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. राज्य गेले तरी स्वयंपाकघरातले तुर्की शब्द राहिले. फ्लीयाच्या परातीला तिथे 'तेप्सी' म्हणतात, तिच्यावरच्या लोखंडी झाकणाला 'साच' आणि दाट सायीला 'काय्माक'. हे तिन्ही शब्द तुर्कीतून आलेले. (पोर्तुगीज गेले तरी आपल्या तोंडचा पाव कुठे गेला?)

यातला साच नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत त्याच्यात आहे. साच म्हणजे पालथ्या कढईसारखे घुमटाकार, जाड लोखंडी झाकण. वर मधोमध कडी असते आणि तिच्यात लोखंडी आकडा अडकवून ते उचलतात. साच आधी लाकडाच्या जाळावर चांगला तापवतात, वर राख आणि निखारे घालतात आणि तो तापलेला साच तेप्सीवर आणून ठेवतात. पीठ भाजते ते वरून येणाऱ्या धगीने. थर झाला की साच उचलायचा, पुढचा थर घालायचा, साच परत ठेवायचा. एक साच तेप्सीवर असतो तेव्हा दुसरा जाळावर तापत असतो. एक थंडावला की दुसरा घ्यायचा.

हे वाचून मला सगळे कळले असे वाटले. ते तसे नव्हते हे पहिल्या रविवारी समजले.

साच आणायचा कुठून, हा पहिला प्रश्न. एका पालकांनी नवे लोखंडी घमेले आणून दिले. पालथे घातले की हुबेहूब साच. इथे एक सूचना सर्वांसाठी: घमेले साध्या काळ्या लोखंडाचेच हवे. जस्ताचा मुलामा दिलेले चकचकीत घमेले किंवा रंग लावलेले भांडे जाळावर तापवू नये, त्याचा धूर अपायकारक असतो. नवे घमेलेही आधी नुसतेच जाळावर तापवून, घासून, धुऊन घ्यावे. तेप्सी म्हणून जर्मनची फूटभर रुंद परात घेतली. तीन विटांची चूल मांडली. परात चुलीवर ठेवली, वर घमेले, घमेल्यावर निखारे. आपल्याकडे धोंडस करायचे तर 'वर-खाली विस्तव ठेवून' असेच सांगतात, म्हणून मीही वर आणि खाली दोन्हीकडे विस्तव ठेवला.

पहिले तीन थर सुरेख झाले. चौथ्याला करपल्याचा वास आला. सहाव्या थराला परातीतून निळा धूर निघू लागला. उलटून पाहिले तर खालची बाजू कोळसा आणि वरचा थर अजून ओला. मुलांनी वरचे दोन थर सोलून साखरेबरोबर खाल्ले, उरलेले कावळ्यांनीही नाकारले.

त्या दिवशी वर्गातल्या एका मुलीची आजी तिला न्यायला आली होती. घमेले, निखारे, आमची तोंडे, सगळे तिने एकदा पाहिले आणि म्हणाली, "मास्तर, थरांचे करता आणि खाली विस्तव कशाला? बेबिंक कधी बघितली नाही होताना?"

खरे सांगायचे तर, खाल्ली होती, होताना बघितली नव्हती.

आजींचे माहेर ज्या वाड्यावर, तिथे शेजारी ख्रिस्ती कुटुंब होते आणि नाताळाच्या आधी त्यांच्या अंगणात बेबिंक व्हायची. नारळाचा दाट रस, अंड्यांचा बलक, साखर आणि मैदा यांचे पातळ मिश्रण. मडक्यात आधी तूप, त्यावर एक पळी मिश्रण, वर झाकण आणि झाकणावर सोडणांचा विस्तव. थराला तांबूस रंग आला की परत तूप, परत पळी. रीत सात थरांची, काही घरी त्याहून जास्त. आजींच्या म्हणण्याप्रमाणे त्या घरची बाई दिवसभर त्या मडक्यापाशीच असायची, आणि लहान आजी तिथून हलायला तयार नसायची. २०२३ साली 'गोव्याची बेबिंक' हिला भौगोलिक मानांकन मिळाले. फ्लीया आणि बेबिंक यांचे एकमेकींशी काही नाते आहे असे मी म्हणत नाही. एक तिखटमिठाच्या पंगतीतली, दुसरी गोड, मध्ये हजारो मैल. पण दोघींपुढची अडचण एकच आहे आणि दोघींनी ती एकाच प्रकारे सोडवली आहे.

ती अडचण अशी. थर एकामागून एक घालायचे तर पहिला थर शेवटपर्यंत परातीत असतो. दर थराला दहा मिनिटे आणि थर पंधरा धरा. खालून विस्तव असेल तर सर्वात खालचा थर दीडशे मिनिटे भाजला जाणार आणि सर्वात वरचा दहा. उलट त्याच्या आणि विस्तवाच्या मधे चौदा थरांची गादी, त्यामुळे वरच्याला धग पोचणारच नाही. विस्तव वरून दिला की हा हिशेब फिरतो. जो थर नवा, तोच धगीच्या सर्वात जवळ. तो भाजला की त्याच्यावर पुढचा येतो आणि जुना आपोआप झाकला जाऊन सुरक्षित होतो. म्हणजे प्रत्येक थराला आपापल्या पाळीपुरतीच कडक धग मिळते. पीठ शिजायला फार उष्णता लागत नाही, पाणी उकळण्याच्या बऱ्याच आधी ते घट्ट होते. पण तांबूस ठिपके आणि खरपूस वास यायचा तर पृष्ठभाग १४० अंश सेल्सिअसच्या वर जावा लागतो आणि त्यासाठी आधी त्यातले पाणी उडावे लागते. तापलेल्या लोखंडाची धग थेट पृष्ठभागावर पडते म्हणून वरचे पाणी लवकर उडते आणि खालचे थर ओलसर, मऊ राहतात.

राखेचे कारणही मुलांनी विचारले. निखारे आहेत तर राख कशाला? ज्यांच्या घरी चूल होती त्या आजी-आजोबांना विचारा. रात्री विस्तव राखेखाली पुरून ठेवत आणि सकाळी तोच फुंकून पेटवत. राख उष्णता सहज जाऊ देत नाही. साचावरच्या राखेमुळे लोखंडाची धग आकाशात न जाता खाली पिठाकडे राहते, आणि निखारेही हळू जळतात.

दुसऱ्या रविवारी खालचा विस्तव काढला. परात चार विटांवर, खाली गार जमीन. आता करपण्याचा प्रश्न उरला नाही. पण मी घाई केली. कोसोव्होतल्या बायकांच्या चित्रफितीत त्या पीठ सगळीकडे पसरत नाहीत हे मी पाहिले होते. त्या चमच्याने मध्यापासून कडेपर्यंत पट्टे ओढतात, सूर्याच्या किरणांसारखे, आणि दोन पट्ट्यांमधे तेवढीच जागा मोकळी सोडतात. साच ठेवून ते पट्टे भाजतात, मग मधल्या मोकळ्या जागा पिठाने भरतात आणि परत भाजतात. तेव्हा कुठे एक थर पुरा होतो. मला ही नुसती नक्षी वाटली. मी परातभर पीठ एकदम ओतले.

झाले असे की कडेचे भाजले आणि मधले नाही. वर पापुद्रा आला, त्याच्याखाली पीठ तसेच. वाफेला निघायला वाट नसल्याने मधोमध फुगा आला आणि साच उचलल्यावर बसला. पट्टे घातले असते तर प्रत्येक पट्ट्याला दोन्ही बाजूंनी मोकळी हवा मिळाली असती आणि वाफही निघून गेली असती. शिवाय पट्टा अरुंद असला की पीठ कमी लागते आणि थर पातळ राहतो. ही नक्षी नव्हती, पण हे कळायला दोन किलो मैदा खर्ची पडला. (हिशेब शाळेच्या खात्यावर टाकलेला नाही, विश्वस्तांनी निश्चिंत असावे.)

सायीचे कामही चवीपुरते नाही. पीठ पाण्यात कालवलेले असते आणि स्निग्ध पदार्थावर ते चिकटत नाही. भाजलेल्या थरावर साय-लोणी लावले की पुढचा थर त्याच्यावर टेकतो, पण जोडला जात नाही. म्हणून शेवटी पाने सुटतात. बेबिंकीत दर थराआधी चमचाभर तूप घालतात तेही याचसाठी. पहिल्या रविवारी दोन मुलांच्या हातून एका थराला साय लावायची राहून गेली होती. तिथे दोन थरांची एक जाड भाकरी झाली.

तिसऱ्या रविवारी जमले. सकाळी नऊला सुरुवात, पावणेबाराला परात खाली. बारा थर. आमच्याकडे घमेले एकच होते, म्हणून मधेमधे ते परत जाळावर तापवावे लागले आणि तेवढा वेळ सगळे नुसते बसून राहिले. त्या बसण्यात आजींनी मुलींना निखारे ओळखायला शिकवले: लाल दिसतो तो अजून भडक, वर पांढरी राख धरली की मवाळ. त्या बोलता बोलता सहज म्हणाल्या की घरी गॅस आल्यापासून त्यांनी झाकणावर विस्तव ठेवलेला नाही, आणि धोंडस कसे करायचे हे नातीने कधी विचारले नाही. नात शेजारीच होती. "तू कधी सांगितलेस?" ती म्हणाली. दोघीही बरोबर होत्या असे मला वाटते.

कोसोव्होत हा प्रश्न आणखी वेगळ्या रीतीने उभा आहे. १९९८-९९ च्या युद्धात तिथले आठ लाखांहून अधिक अल्बेनियन घरे सोडून शेजारच्या देशांत गेले. युद्ध संपल्यावर बहुतेक परतले आणि १७ फेब्रुवारी २००८ रोजी कोसोव्होने स्वातंत्र्य जाहीर केले. पण युद्धाच्या आधीपासून आणि नंतरही पोटापाण्यासाठी जर्मनी, स्वित्झर्लंडकडे जाणाऱ्यांची रीघ लागलेली आहे. तिकडच्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावर लाकडाचा जाळ कोण करू देणार? उन्हाळ्याच्या सुट्टीत ही कुटुंबे गावी येतात आणि अंगणात साच तापतो. आता विजेवर तापणारे साचही मिळतात. वेळ वाचतो, धूर नाही, डोळे चुरचुरत नाहीत. जुने लोक चव तशी नाही म्हणतात, आणि असेलही. पण वर्षानुवर्षे ती धग तोंडावर घेणाऱ्या बायकांना विचारले तर किती जणी जुन्या साचासाठी हट्ट धरतील याची मला शंका आहे. परंपरेचे कौतुक करणारा बहुधा जाळापासून दूर, खुर्चीवर बसलेला असतो. तीन रविवारांनंतर मी तरी हे लिहू शकतो.

कोसोव्होत १७ मार्च हा फ्लीयाचा दिवस म्हणून पाळतात. नातेवाईक जमतात, एका घरी फ्लीया होते. हा पदार्थ अचानक आलेल्या पाहुण्यासाठी नाहीच. ज्याचे येणे आधी ठरले आहे, ज्याच्यासाठी सकाळपासून बसायची तयारी आहे, त्याच्यासाठी तो. अल्बेनियन भाषेत 'फ्ली' या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे: बळी, अर्पण. पदार्थाचे नाव त्यावरून पडले की काय यात मी शिरत नाही, पण दुसऱ्या रविवारी दुपारी बारा वाजता, डोळ्यांत धूर गेलेला असताना, तो अर्थ मला एकदम पटला होता.

आमच्या मासिक सभेत एका विश्वस्तांनी हसत विचारले, "सर, परदेशी धिरड्यासाठी तीन सुट्ट्या?" मी त्यांना डबा पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा धुऊन परत पाठवला, त्यात चिठ्ठी होती: पुढच्या वेळी आधी कळवा.

ज्यांना घरी करायची आहे त्यांच्यासाठी आमचे प्रमाण देतो. फूटभर परातीला अर्धा किलो मैदा, साधारण ९०० मिलिलिटर पाणी, दोन लहान चमचे मीठ. पीठ धिरड्याच्या पिठाइतके पातळ हवे, पळीतून सलग धार पडली पाहिजे. गुठळ्या राहू देऊ नका आणि अर्धा तास तसेच ठेवा. वर लावायला पाव किलो दाट साय, तेवढेच घट्ट दही आणि दीडशे ग्रॅम पातळ केलेले लोणी एकत्र घोटून घ्या. मैद्याऐवजी निम्मी कणीक घालून पाहिली. चव चांगली येते, पण थर जरा जाड होतात. चूल नसेल तर ओव्हन चालतो, मात्र फक्त वरची कॉइल चालू ठेवा आणि परात मधल्या जाळीवर ठेवा. आमच्या एका पालकांनी घरी असेच केले, दर अर्ध्या थराला चार-पाच मिनिटे लागली. शेवटच्या थरावर साय जरा सढळ हाताने लावा आणि झाकून पंधरा मिनिटे मुरू द्या. गरम कापली तर पाने सरकतात.

मुलांनो, साच किंवा घमेले उचलणे हे मोठ्यांचे काम. तुम्ही पट्टे ओढा, साय लावा. सुती कपडे घाला, ओढणी कमरेला खोचा, आणि जवळ पाण्याची बादली असू द्या.

तिथे फ्लीया हाताने तोडून दही, पांढरे चीज, लोणचे किंवा मधाबरोबर खातात. आमच्या वर्गाचे दोन तट पडले. मुलींना मधाबरोबर आवडली, मुलांनी डब्यातल्या मिरचीच्या लोणच्याबरोबर संपवली. आजींनी गूळ आणि ओले खोबरे मागितले. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी बिडाच्या तव्यावर मंद आचेवर, झाकण ठेवून गरम केला तर कडा कुरकुरीत होतात, आणि तेव्हाची चव मला पहिल्या दिवसापेक्षा जास्त आवडली.

घमेले शाळेच्या भांडारात ठेवले आहे. तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून. ज्या वर्गाला हवे त्यांनी नववीच्या मॉनिटरकडे नोंद करून न्यावे. दुसरे एक कोणी दिले तर दोन साच होतील आणि मधे थांबावे लागणार नाही. आजी येत्या श्रावणात धोंडस करून दाखवणार आहेत. त्यांनी तवशी आणायला सांगितली आहेत, पिकलेली, पिवळी झालेली.